दारात नेऊन पाहिलेला रंग

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या प्रेसमध्ये बसायला जागा उरत नाही. नागपूरच्या महाल भागातली जुनी इमारत, खाली मशीन, वर माळ्यावर माझा कॉम्प्युटर आणि जिन्यात वधूवरांच्या नातेवाइकांची दाटी. अशाच एका दुपारी एक आजी नातवाचा हात धरून जिना चढून आल्या. पत्रिका नातीच्या लग्नाची. नातवानं डिझाइन आदल्या रात्रीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाहून 'मस्त आहे ताई, छापून टाका' असं कळवलं होतं. आजी मात्र मॉनिटरसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. चष्मा वर केला, खाली केला, जरा मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "लाल हाय, पन कुंकवाचा नाही वं बाई." मी लाल थोडा गडद केला. "हा वांग्याकडे चालला." थोडा पिवळा वाढवला. "हा शेंदूर झाला." मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी काढली, उघडली, बोटाचं टोक कुंकवात टेकवलं आणि ते बोट थेट माझ्या मॉनिटरवर, त्या लाल पट्टीला लागून धरलं. "हा. असा."

ते बोट अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मॉनिटरवरचा लाल पेटलेला होता आणि त्याच्या शेजारी आजींच्या बोटावरचं कुंकू जवळजवळ काळं दिसत होतं. त्यांनी हात खिडकीकडे वळवला की तेच कुंकू लाल, मऊ, आतपर्यंत लाल. पुन्हा मॉनिटरपाशी आणलं की काळं. नातू म्हणाला, "आजी, मोबाईलवर तर बरोबर दिसून राह्यलं ना." आजींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मोबाईल कपाळाले लावते का कोनी?" एवढं म्हणून त्यांनी माझ्या टेबलावरचा एक छापील नमुना उचलला, पुडी घेतली आणि जिना उतरून दारात जाऊन उभ्या राहिल्या. उन्हात.

मी वरून पाहत राहिले.

आमच्या धंद्यात 'स्क्रीनवर वेगळं दिसत होतं' हे वाक्य रोज ऐकावं लागतं. गिऱ्हाइकाच्या मनात स्क्रीनवरचा रंग अस्सल आणि कागदावरचा म्हणजे त्याची जमेल तशी नक्कल. मला हे कधीच पटलेलं नाही. मॉनिटर काळोखापासून सुरुवात करतो आणि त्यात उजेड ओततो. कागद भरउजेडापासून सुरुवात करतो आणि त्यातला काही हिरावून घेतो. चार रंगांच्या छपाईत तर लाल शाई नसतेच. मॅजेंटा, म्हणजे गडद गुलाबी शाई हिरवा उजेड खाते, पिवळी शाई निळा उजेड खाते आणि दोघींच्या तावडीतून जो सुटतो तो लाल. पत्रिकेवर भिंग धरून पाहिलं तर ठिपक्यांच्या जाळ्या दिसतात. मॅजेंटाची जाळी बहुतेक वेळा 75 अंशांत तिरकी, काळ्याची 45 अंशांत, सायनची, म्हणजे आकाशी निळ्या शाईची, 15 अंशांत आणि पिवळ्याची सरळ, कारण पिवळी जाळी डोळ्याला सगळ्यात कमी खुपते. चारही जाळ्या एकमेकींवर पडल्या की बारीक बारीक फुलं उमटतात. इतकी वर्षं झाली, तरी नव्या कागदावरची ती फुलं पाहिल्याशिवाय मी पुढच्या कामाला हात घालत नाही. आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला सहसा माहीत नसते. बहुतेक मॉनिटरांचा पांढरा 6500 केल्विनला बसवलेला असतो आणि छपाईचा नमुना तपासायचा उजेड 5000 केल्विनचा धरतात; आकडा जितका मोठा तितका पांढरा निळसर. म्हणजे दोन्हीकडचा पांढराच मुळात एक नाही. मग लालाची काय कथा?

पावसाळ्यात फुटाळा तलावाच्या काठावर उभं राहून फोन पाहत होते, तेव्हा काचेवर एक थेंब पडला. तो पुसायच्या आधी सहज डोळा जवळ नेला. थेंबाखाली पांढरं पान फाटून गेलं होतं. लाल, हिरवे, निळे बारके तुकडे, एकाला एक लागून, आणि पांढरं कुठेच नाही. मग मी मुद्दाम संत्र्यांचा एक फोटो उघडला, कॉटन मार्केटमध्ये काढलेला. थेंब संत्र्यावर आणला. आत केशरी नव्हतं. लाल तुकडे लख्ख पेटलेले, हिरवे अर्धवट आणि निळे जवळपास विझलेले. पिवळ्या जागेवर थेंब नेला तर लाल आणि हिरवे, दोन्ही पूर्ण पेटलेले, आणि पिवळ्या उजेडाचा मागमूस नाही. कॉटन मार्केटमधल्या खऱ्या संत्र्याच्या सालीवरून पिवळा, केशरी, लाल असा सगळा उजेड डोळ्यांत येतो. फोनवरच्या संत्र्याकडून यातलं थोडंच येतं. तरी तोंडाला पाणी सुटतं. थेंब पुसला आणि संत्री पुन्हा केशरी झाली.

हे चालतं ते डोळ्यामुळे. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच तऱ्हेच्या. एक साधारण 420 नॅनोमीटर लांबीच्या उजेडाच्या लहरींच्या आसपास जास्त जागी होते, दुसरी 530 च्या आणि तिसरी 560 च्या आसपास. डोळ्यात शिरलेला उजेड कितीही तऱ्हांचा असला तरी मेंदूकडे जातात ते या तिघींचे तीन निरोप. इंग्लंडमध्ये थॉमस यंग यांनी 1802 च्या सुमाराला हा तिघांचा अंदाज नुसत्या विचारानं बांधला होता, डोळ्यातल्या त्या पेशी कोणी ओळखायच्या कितीतरी आधी. तेव्हा फोनला पिवळा उजेड तयार करावाच लागत नाही. पिवळा पाहिल्यावर तिघी जो निरोप देतात, तोच निरोप लाल आणि हिरव्याकडून काढून घेतला की काम झालं. स्क्रीनवरचा पिवळा काचेवर नसतोच, तो आपल्या आत जुळून येतो.

आजींनी तो नमुना दारात का नेला हे मला या वाटेनं जाता जाता उलगडलं, आणि त्यासाठी मदतीला आली ती बर्डीवरची, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातली, साडीला जुळणारं ब्लाउजचं कापड विकणारी मॅचिंग सेंटरं. लहानपणी आईबरोबर तिथे जायचे तेव्हा कंटाळा यायचा. काउंटरवर साडी पसरलेली, दुकानदार फडाफड तागे उलगडतोय, 'हे घ्या ताई, डिट्टो' म्हणतोय, आणि आई कापडाचं टोक आणि साडीचा पदर एकत्र धरून गर्दीतून वाट काढत थेट दुकानाच्या दाराशी. ती एकटी नसायचीच. दाराशी सगळ्याच बायका, पदर आणि ब्लाउजपीस उन्हात धरून, मान तिरकी करून उभ्या. ट्यूबलाइटखाली एकजीव दिसणारा मोरपंखी उन्हात आला की फाटायचा, साडी हिरव्याकडे आणि ब्लाउजपीस निळ्याकडे. साडी एका कारखान्यातल्या एका रंगानं रंगलेली, कापड दुसरीकडच्या दुसऱ्याच मिश्रणानं. ट्यूबच्या उजेडात दोघांकडून येणारे तीन निरोप योगायोगानं सारखे. उजेड बदलला, योगायोग मोडला. शास्त्रात याला मेटॅमेरिझम म्हणतात. ज्या गोष्टीमुळे आईला दुकानातून चार वेळा दारात जावं लागायचं, तिच्याच जोरावर आज घराघरातला टीव्ही आणि हातातला फोन चालतो. दोन वेगळे उजेड डोळ्याला एकच वाटू शकतात म्हणून फोनवर संत्रं दिसतं. आणि ते नेहमीच एक वाटत नाहीत म्हणून ब्लाउजपीस परत करावं लागतं.

हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

शहरातले जुने सोडियमचे दिवे आठवतात. रात्री त्या पिवळ्या उजेडात लाल ओढणी तपकिरी दिसायची, निळा शर्ट काळा. रंग तिथेच होते, पण त्यांच्या वाटचा उजेडच दिव्यात पुरेसा नव्हता. आता रस्त्यांवर एलईडी आलेत. त्यांचा पांढराही जुळवलेला: आत निळ्या उजेडाचा चिमुकला तुकडा, वर पिवळ्या उजेडाचा लेप. निळा आणि पिवळा मिळून पांढरा! चित्रकलेच्या तासाला निळ्यात पिवळा मिसळून झाडं रंगवलेल्या माणसाला हे पचत नाही. पूर्वीच्या भल्याभल्यांनाही पचलं नव्हतं. रंगाऱ्यांचा नियमच उजेडाला लागू असं बहुतेक जण धरून चालले होते, तोवर 1852 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी दाखवलं की निळ्या आणि पिवळ्या उजेडातून पांढरा मिळतो आणि त्याच नावांच्या रंगद्रव्यांतून हिरवा, कारण पिवळं द्रव्य निळा उजेड खातं, निळं द्रव्य लाल-पिवळा खातं, आणि दोघांनी सोडलेला असा मधला हिरवाच उरतो. म्हणजे झाडाचा हिरवा निळ्या-पिवळ्यातून जन्माला येत नाही. तो दोघांच्याही पोटात आधीपासून असतो. बाकीचं गेल्यावर दिसतो.

भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांची गोष्ट तर मला फारच आवडते. 1861 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी एका चौकटीदार रिबिनीची तीन छायाचित्रं तीन कंदिलांतून पडद्यावर एकावर एक टाकली: एक लाल गाळणीतून, एक हिरव्या, एक निळ्या, जी गाळणी लावून टिपलं होतं त्याच रंगाच्या. पडद्यावर रंगीत रिबीन उभी राहिली. आजच्या सगळ्या स्क्रीन त्या संध्याकाळच्या वंशातल्या. पण त्या काळची छायाचित्राची काच लाल उजेडाला जवळपास आंधळी होती, मग लाल गाळणीतून काही उमटलं कसं? शंभर वर्षांनी, 1961 मध्ये, तो प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा उलगडा झाला. रिबिनीतला लाल रंग डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही परत फेकत होता, आणि काचेवर ते उमटले होते. त्या पहिल्या रंगीत चित्रातला लाल मुळात लाल उजेडाचा नव्हताच.

रंगद्रव्यांची ओळख मला पुस्तकातून झाली नाही, ती चितारओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत झाली. आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. आषाढ लागला की शाळेतून येताना वाट वाकडी करून त्या गल्लीतून जायचं. ओल्या मातीचा, डिंकाचा आणि टर्पेंटाइनचा मिळून एक वास असायचा, तो नाकात बसला की कळायचं, गणपती जवळ आले. दोन्ही बाजूंना मांडवात अर्धवट मूर्ती, सोंडेशिवायच्या, हातांशिवायच्या, आणि वर पावसासाठी बांधलेल्या निळ्या ताडपत्र्या. तिथे एक काका होते. फार बोलायचे नाहीत, पण समोर बसून पाहायला हरकत घेत नसत. 'रंग उजेड खातो, म्हनून तो दिसते' हे मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि मघाशी जे 'खाणं' मी सारखं लिहीत आले ते त्यांचंच. पितांबराचा पिवळा कालवला की ते वाटी घेऊन ताडपत्रीबाहेर यायचे, पाऊस असला तर हाताचा आडोसा करून वाटीत पाहायचे. "ताडपत्रीखाली पिवळा हिरवट दिसते. तिच्यावर भरवसा ठेवून रंगवलं तं विसर्जनाच्या दिवशी देव उन्हात निघन आन् लोकं म्हनतीन, हा काय पितांबर झाला?"

त्यांचं रंग कालवणं मला आजही जसंच्या तसं आठवतं. शेल्याचा लाल गडद करायचा असेल तर ते काळ्याला हात लावत नसत. काळा घातला की लाल मरतो, म्हणायचे, आणि ब्रशच्या टोकावर येईल एवढासा हिरवा घालायचे. मी श्वास रोखून पाहायची, लाल वाटीत हिरवा पडलाय, आता चिखल होणार. व्हायचा नाही. लाल एकदम खाली बसायचा, खोल जायचा, आणि लालच राहायचा. हिरवं द्रव्य लाल उजेड खातं. जरासं घातलं तर लालाचा भडकपणा तेवढा जातो, जास्त झालं तर सगळंच खाऊन टाकतं आणि उरतो तो मातकट तपकिरी. हा 'जरासा' किती, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. दाराच्या चौकटीवर ते ब्रश पुसायचे. वर्षानुवर्षांच्या फटकाऱ्यांनी त्या चौकटीवर रंगाचा बोटभर जाड थर चढला होता, आणि नवा रंग जमला की नाही ते काका त्या थरावर एक फटका ओढून, जुन्याशेजारी ठेवून ठरवायचे. माझ्या दृष्टीनं शहरातलं सगळ्यात मोठं शेडकार्ड ते.

मला कॉम्प्युटरवर रंग मिसळताना हे सगळं हरवल्यासारखं वाटतं, आणि ते नुसतं जुन्या दिवसांचं वेड नाही. साध्या सॉफ्टवेअरमध्ये पिवळ्यावर निळा अर्धापारदर्शक फिरवला की हिरवा येत नाही, राखी येतो. ते बिचारं दोन्ही रंगांच्या आकड्यांची सरासरी काढतं. बरं, ती उजेडाची सरासरी म्हणावी तर तीही नव्हे. कॉम्प्युटर प्रत्येक रंगाचा उजेड 0 ते 255 अशा आकड्यांत मांडतो; त्यातला 128 म्हणजे अर्धा उजेड असं वाटतं, पण 1996 मध्ये मांडलेल्या आणि आज जवळपास सगळ्या स्क्रीन मानतात त्या एसआरजीबी या रंगमापाच्या हिशेबात 128 म्हणजे पूर्ण उजेडाच्या जेमतेम 22 टक्के. म्हणून लाल आणि हिरव्याच्या सीमेवर ब्लर दिला की मधे मळका काळपट पट्टा उमटतो. खऱ्या दोन दिव्यांचा उजेड एकमेकांत मिसळला तर तिथे उजळ पिवळा यायला हवा. खरं द्रव्य कसं मिसळतं याचं गणित कुबेल्का आणि मुंक या शास्त्रज्ञांनी 1931 मध्येच मांडून ठेवलंय: प्रत्येक रंग किती उजेड खातो आणि किती विखुरतो, हे प्रत्येक लहरीसाठी धरायचं. ते गणित चित्रकाराच्या कॉम्प्युटरवर चटकन चालावं अशी युक्ती शार्का सोखोरोव्हा आणि ओंड्रेय याम्रिश्का या दोन चेक संशोधकांनी 2021 मध्ये काढली. तिच्यात निळा आणि पिवळा कालवला की हिरवा येतो. मी ते पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा उगाचच आणखी पिवळा, आणखी निळा, थोडा पांढरा असं किती वेळ कालवत बसले. हात स्वच्छ राहिले एवढाच काय तो फरक.

आजींचं काम मात्र कॉम्प्युटरवर होणारं नव्हतंच. मॅजेंटा आणि पिवळ्याच्या ठिपक्यांतून येणारा लाल स्वच्छ असतो, चुणचुणीत असतो, पण त्याला कुंकवाची खोली नाही. खाली आमचे मशीनमन दादा आहेत, त्यांना पुडी दाखवली. त्यांनी ती नाकाशी नेऊन वास घेतला, का ते मी विचारलं नाही. म्हणाले, "स्पेशल शाई कालवू." काचेच्या पाटीवर लाल शाईचा गोळा, त्यात थोडी मॅजेंटा, आणि मी पाहतच राहिले, इंक नाइफच्या टोकावर हिरवा. चितारओळीतला तोच टिपका. शाई उलटसुलट घोटून झाल्यावर त्यांनी बोटानं ती कागदावर टिपटिप उमटवली. जाड थर काळपट दिसला, विरळ थर गुलाबीकडे गेला. मधला जो होता त्यावर नख ठेवून म्हणाले, "इथं धरायचा." कागद चकचकीत नको, असं आमचं दोघांचंही मत पडलं. शाई शोषून घेणारा, जरा खरखरीत. चकचकीत कागदावर उजेड वरच्यावर उसळतो आणि रंग काचेमागे ठेवल्यासारखा दिसतो. वाळल्यावर शाई एक पायरी उतरणार हे धरून ओला रंग जरा वरचढ ठेवला. दुसऱ्या दिवशी आजी आल्या. जिना चढल्याच नाहीत. तो कागद आणि पुडी घेऊन दारात उभ्या राहिल्या, ऊन जरा ढगाआड होतं तर ते येईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "हाव. आता जमलं." खर्च वाढला होता, नातू कुरकुरला. आजींनी पुडी माझ्या हातात दिली, ठेव म्हणाल्या, घरचं आहे.

घरचं म्हणजे खरंच घरी केलेलं. कसं करता विचारल्यावर त्यांनी तिथेच दारात उभं राहून सांगितलं: हळकुंडाचे तुकडे, लिंबाचा रस, टाकणखार म्हणजे बोरॅक्स, भिजवायचं, सावलीत वाळवायचं, कुटायचं, वस्त्रगाळ करायचं. मी ऐकताना मनातल्या मनात माझे दोन्ही नियम लावून पाहत होते आणि एकही लागत नव्हता. पिवळी हळद, पांढरा टाकणखार, फिकट लिंबू, आणि यातून लाल? उजेड मिसळून नाही, रंग एकमेकांत कालवून नाही. इथे हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, टाकणखारातल्या बोरॉनशी जुळतं आणि नवंच लाल द्रव्य तयार होतं. जुनं द्रव्य शिल्लकच राहत नाही. रंग मिसळतात याचे दोन प्रकार मी आयुष्यभर जपत आले, आणि हा तिसरा प्रकार माझ्या आईच्या, आजीच्या कपाळावर रोज होता. पळसाची फुलं उकळून धुळवडीचा केशरी करायचे तेव्हा घरातल्या बायका भांड्यात चुन्याची निवळी का घालायच्या, तेही आता कळतं. पातेल्यातल्या पाण्याचा पिवळा चुन्यानं केशरीकडे झुकायचा. उन्हाळा तोंडावर आलेला, अंगणात चूल, धूर डोळ्यांत, आणि पाण्यात तरंगणाऱ्या पाकळ्या.

एवढं सगळं झाल्यावर मला वाटलं होतं की स्क्रीन आणि रंगाची वाटी यांचं कुठेच जमत नाही. तरीही एक जागा सापडली. तपकिरी रंगाचा उजेड असा कुठे नसतो. इंद्रधनुष्यात नाही, दिव्यात नाही. स्क्रीनवरचा तपकिरी म्हणजे मंद केलेला केशरी, एवढंच. खोली अंधारी करून, स्क्रीनवर तपकिरीचा एकच ठोकळा काळ्या पार्श्वभूमीवर ठेवून, कागदाच्या सुरळीतून त्याच्याकडे पाहा. तो केशरी होतो. शेजारी काहीतरी उजळ आणलं की पुन्हा तपकिरी. नागपुरी संत्र्याची साल वाळून जिथे जाते तो रंग आजूबाजूच्या उजेडावर टिकून आहे. आणि पिवळ्याचं याहून विचित्र. पिवळा मंद केला की तो मंद पिवळा दिसतच नाही, हिरव्याकडे जातो. लाल आणि हिरवा दोन्ही 255 वरून 128 वर आणा, निळा शून्यच ठेवा: समोर शेवाळी. कुठेही हिरवा वाढवलेला नाही, दोन्ही सारखेच उतरवलेत.

आणि हे मला काकांनी वाटीत दाखवलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबती, म्हणजे इडा पीडा घालवायचे मोठे पुतळे, मिरवत निघतात. इतवारीच्या गर्दीत काळी मारबत आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात, 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' असा एकच गलका होतो, छतांवर, कठड्यांवर माणसं लटकलेली असतात. त्याच दिवशी तान्हा पोळा, पोरांचा, लाकडी नंदींचा. त्या आठवड्यात काकांकडे मूर्तींबरोबर लाकडी नंदी रंगवायलाही यायचे, आणि एकदा एका नंदीच्या झुलीवर पोपट काढायचे होते. हिरव्याचा डबा संपलेला. मी म्हटलं, निळा आणू का? काका नको म्हणाले. पिवळ्या वाटीत त्यांनी काजळीचा काळा जरासा घातला आणि ढवळला. पिवळा मळेल असं वाटत असताना वाटीत हिरवा वर आला, कच्च्या आंब्याचा, जून पानांचा. "काळ्या मारबतीनं पिवळीले शिवलं," काका म्हणाले, आणि ब्रश चौकटीवर पुसला. बारीक काजळीत एक निळसर झाक असते, तिचा थोडा हात त्यात आहे. पण मुख्य कारण तेच, जे माझ्या स्क्रीनवर आहे: अंधारलेला पिवळा आपल्याला पिवळा दिसत नाही. द्रव्य असो की दिवा, इथे दोघांचा निकाल एकच लागतो, कारण निकाल देणारा डोळा दोन्हीकडे तोच. त्या झुलीवरच्या पोपटांत निळ्याचा एक थेंबही नव्हता, आणि नंदी घेऊन गेलेल्या पोरानं पोपट हिरवे नाहीत अशी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.